बारा सह्या

“तोंडी सांगू नका, बाई. वहीत लिहा. तोंडचं वाऱ्यावर जातं, आणि ह्या मैदानावर वारा फार,” असं मिस्त्री तिला म्हणाला त्याला आता सव्वादोन वर्षं झाली. तो विमानाच्या पोटाखाली उताणा पडलेला होता. बाहेर नुसते तेलकट बूट आणि आवाज. ती हसली होती. “लिहिते हो, वही काय पळून जातेय का,” म्हणाली होती, आणि त्याच्याच डब्यातलं एक बिस्कीट उचलून चालू पडली होती. वही पळाली नाही. शेडच्या खिळ्याला दोरीने बांधलेली लाल पुठ्ठ्याची वही ती, पळणार कुठे? पळाली ती हीच.

आज सकाळी साडेदहाला तिची मुलगी उंच खुर्चीत बसून केळं कुस्करत होती. दीड वर्षाची पोर. कागदावर नाव एक, घरात ढमी. ढमीने टेबलाच्या कडेला दोन्ही पाय लावले आणि रेटा दिला. खुर्चीच्या चाकाचा खटका नीट बसलेला नव्हता. खुर्ची वीतभर मागे गेली, भिंतीला टेकली आणि थांबली. झालं काहीच नाही. केळ्याचा एक गोळा खाली पडला, ढमीला गंमत वाटली, तिने आणखी एकदा पाय उचलले. पण तिच्या आईच्या तळपायांखालून काहीतरी निसटलं. स्वयंपाकघरातल्या फरशीवर सरळ उभी असताना तिला वाटलं, आपले पाय पोचत नाहीयेत. कुठे, ते शरीराला बरोबर ठाऊक होतं. तिने खुर्ची पुढे ओढली, खटका दाबला, टक् ऐकलं, मग तीन हिसके दिले. पुन्हा एकदा तीन. ही तिची सवय. गॅसचं बटण तीनदा, दाराची कडी तीनदा, झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट तीनदा. डॉक्टर बाळंतपणानंतरची काळजी म्हणाले होते, गोळ्या दिल्या होत्या. हिसके मात्र बाळंतपणाच्या आधीचे होते, हे तिने डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

टेबलावर केळ्याच्या सालीशेजारी तो कागद पडला होता. फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरीने काल पाठवलेला, वर क्लबचं चिन्ह, खाली टाइप केलेली नऊ नावं. ‘आम्ही खाली सह्या करणारे सभासद असे नमूद करतो की, सदर विमानाच्या चालकाच्या सीटमध्ये आम्हाला कधीही कोणताही दोष आढळलेला नाही.’ आठ सह्या झालेल्या होत्या. नववं नाव तिचं होतं, समोर एक रिकामी रेघ. चार वाजेपर्यंत आणून द्या, सेक्रेटरी म्हणाला होता. गुरुवारी मास्तरांच्या अपघाताची सुनावणी आहे, कागद आधी पोचायला हवेत. ती रेघ सकाळपासून घरभर तिच्या मागे फिरत होती. कपडे वाळत घालताना दोरी बघितली तरी तीच आठवायची.

वहीचा नियम म्हटलं तर पोराटोरालाही कळेल इतका सोपा. छोट्या, दोन माणसांच्या, हौशी लोकांच्या विमानालाही एक वही असते. उडायच्या आधी चालकाने विमानाभोवती फेरी मारायची, इंधनात पाणी आहे का ते थेंबभर काढून बघायचं, पंखांचे स्क्रू हलवायचे, आणि मग वहीत लिहायचं: दोष नाही. सही, तारीख, लायसन्सचा नंबर. दोष असला तर तो लिहायचा. आणि लिहिला की विमान उभं. मिस्त्रीने दुरुस्त करून त्यासमोर आपली सही केल्याशिवाय कुणी त्याला हातही लावायचा नाही. एवढंच. पण क्लबात विमान एक आणि सभासद चौदा, सुटा भाग यायला सहा आठवडे, त्यामुळे लिहिणारा हा सगळ्यांच्या रविवारांचा वैरी. म्हणून दोष वहीत न लिहिता मिस्त्रीच्या कानात सांगायचे, अशी क्लबाची रीत पडली होती. चहा पिता पिता. जाता जाता. “जरा डावीकडे ओढतंय हं,” “दिवा मधूनच लागतो,” असं. मिस्त्री जमेल ते गुपचूप करायचा, जमत नसेल तर म्हणायचा, वहीत लिहा. मग सगळे हसायचे. वही अशी स्वच्छ, की तपासणीला आलेला माणूस दरवर्षी तिचं कौतुक करून जायचा.

त्या सकाळी तिने विमान धावपट्टीवर आणून इंजिनाची मूठ पुढे ढकलली होती. विमान पळायला लागलं तसा पाठीला नेहमीचा गोड दाब आला, आणि मग तो दाब थांबलाच नाही. सीट मागे गेली. वीतभर, मग आणखी वीतभर. पाय पेडलवरून सुटले, समोरची काच लांब गेली, आणि हातातलं चाक हातातच राहिल्यामुळे तिच्या वजनासकट मागे ओढलं जाऊ लागलं. बुडणारा माणूस काडीला धरतो तसं ते तिने घट्ट धरलं होतं. चाक मागे आलं की विमानाचं नाक वर जातं, आणि ते उचललं जातंय हे तिला दिसलं. तिने एकच गोष्ट बरोबर केली: चाक सोडून दिलं आणि इंजिनाची मूठ मागे घेतली. नाक खाली बसलं, विमान आपसूक मंदावलं आणि गवतात जाऊन उभं राहिलं. मैदानाच्या कडेला एक टिटवी ओरडत होती. तिने खाली वाकून पाहिलं. सीट ज्या रुळावर सरकते त्या रुळातली भोकं झिजून लांबट झाली होती. पिन आत बसल्यासारखी वाटायची, टक् वाजायचं, पण बसायची नाही. ते तिने मिस्त्रीला सांगितलं. तोंडी.

का लिहिलं नाही, याचं तिने स्वतःला दिलेलं उत्तर इतक्या वेळा बदललं होतं, की खरं कोणतं ते तिलाच हुडकावं लागे. बाई असून कुरकुर करते असं म्हणतील, हे एक. ते खोटं नव्हतं. चौदा सभासदांत ती एकटी बाई, आणि लग्न झाल्यापासून सेक्रेटरी तिला ‘वहिनी’ म्हणू लागला होता. तिचा नवरा क्लबाचा सभासदसुद्धा नव्हता. लायसन्स हिचं आणि ही वहिनी कुणाची? पण खरं कारण निराळंच. त्याच्या दोन दिवस आधी न्हाणीघरात, बेसिनच्या काठावर ठेवलेल्या चाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली होती. नियम म्हणतो, त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं, वैद्यकीय दाखला थांबतो, चालकाने जमिनीवर राहायचं. नियम वाईट नव्हता. पण तिच्या मनाने हिशेब केला: कळवलं की वर्ष-दीड वर्ष संपलं, आणि मग पोर, आणि मग कोण जाणे. पोट दिसायला अजून दोन महिने. तेवढे तरी माझे. सीटचं वहीत लिहिलं असतं तर त्या दोन महिन्यांतले सहा आठवडे विमान उभं राहिलं असतं. म्हणून लिहिलं नाही. बाजारात गेली, दाराखाली सारतात तसली काळी रबरी पाचर घेऊन आली, आणि उडायच्या आधी दर वेळी ती सीटमागे रुळात ठोकून बसवायची. टक्, तीन हिसके, पाचर. उतरल्यावर काढून पर्समध्ये. वहीत: दोष नाही. सही. दोन महिन्यांत बारा वेळा.

पाचर पर्समध्ये. हेच तिला आता गिळवत नव्हतं. पाचर विमानात राहू दिली असती तरी कुणाला तरी प्रश्न पडला असता. पण ती घरी आणत राहिली, स्वतःची कंगवा-किल्ली आणावी तशी, आणि मागून येणाऱ्याला तीच झिजलेली भोकं ठेवत राहिली. पुढे पोट दिसायला लागलं, तिने दाखला परत केला, वर्षभराने मिस्त्री दुसरीकडे नोकरीला गेला, आणि पाचर गॅलरीच्या दाराखाली गेली. तिथेच होती ती आताही, धूळ खात. वारा आला तरी दार आपटत नव्हतं.

मास्तर दोन महिन्यांपूर्वी पडले. सदुसष्ट वर्षांचे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, बायको गेल्यावर विमान शिकायला लागलेले गृहस्थ. “तिला उंचीची भीती होती, म्हणून थांबलो होतो,” असं ते सांगायचे. हिला लायसन्सच्या परीक्षेची गणितं त्यांनीच शिकवली होती. वारा इकडून, आपण तिकडे, तर नाक कुठे ठेवायचं, हे कागदावर त्रिकोण काढून. तिला ते ‘कॅप्टन’ म्हणायचे, सगळ्यांसमोर, मुद्दाम. त्या दिवशी एकटेच होते. विमान जमीन सोडून दोन पुरुष वर गेलं, नाक एकदम आभाळाकडे वळलं, आणि मग दगडासारखं खाली. घोटा मोडला, दोन बरगड्या गेल्या. चौकशीच्या पहिल्या अहवालात लिहिलं होतं, चालकाने नाक गरजेपेक्षा जास्त ओढलं. वय विचारात घ्यावं. सीटचा खटका तुटलेला आढळला, पण तो आदळल्यामुळे तुटला की आधीपासून, हे सांगता येत नाही. वहीत नोंद नाही. मास्तर एकच सांगत राहिले, सीट मागे गेली. लोक मान हलवायचे. म्हाताऱ्या माणसापुढे हलवतात तशी, हळू आणि प्रेमाने.

ती त्यांना एकदाच भेटायला गेली होती, ढमीला घेऊन. तिसरा मजला, बंद बेल, आत औषधाचा आणि बंद खिडक्यांचा वास. मास्तरांनी आपली बसायची खुर्ची मागून भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि भिंत आणि खुर्ची यांच्या मध्ये उशी खुपसली होती. चहा त्यांनी स्वतः लंगडत केला. मग समोर बसून, कपाच्या कानाशी बोटाने खेळत, म्हणाले, “कॅप्टन, तू तरी सांग. तुझ्या वेळी कधी सीट मागे गेली होती का गं? मला आता वाटायला लागलंय, मलाच तसं वाटलं असेल.” ती म्हणाली, “मास्तर, चहा गार होतोय.” त्यांनी चहाकडे बघितलं. पोराटोरांची चूक वर्गात सगळ्यांदेखत दाखवायची नाही, ही त्यांची जुनी खोड होती. ते मुकाट्याने चहा प्यायले.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. “केलीस का सही?”

“नाही.”

“अगं, करून टाक आणि मोकळी हो. आठ जणांनी केलीय. तू सही नाही केलीस म्हणून म्हाताऱ्याचं लायसन्स परत येणार आहे का? गेल्या महिन्यात कुठे तुझा दाखला परत मिळालाय. गोळ्यांचं प्रामाणिकपणे लिहिलंस तर चार महिने लटकवलं तुला. आठवतंय ना?”

“आठवतंय.”

“मग?”

तिने मग सांगितलं. सीटचं, पाचरीचं, आणि पट्टीवरच्या दुसऱ्या रेघेचं. पलीकडे ऑफिसातला पंखा ऐकू येत होता.

“म्हणजे ढमीला पोटात घेऊन?”

“हो. बारा वेळा.”

“आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस.”

“तुलाच काय, कुणालाच नाही. आता सांगतेय.”

तो म्हणाला, “लायसन्स जाईल तुझं.”

“जाईल.”

“आणि मग दिवसभर घरात बसून माझं डोकं खाशील.”

“खाईनच,” ती म्हणाली. “रात्री ये लवकर. भांडण तेव्हा करू, आत्ता मला वेळ नाही.”

पाचर दाराखालून निघता निघेना. तिने ती बुटाच्या टाचेने हाणून काढली, झटकली, पर्समध्ये टाकली, ढमीला कडेवर घेतलं आणि बाहेर पडली. मागे गॅलरीचं दार धाडकन आपटलं. आपटू दे. कडी तीनदा बघायची राहिली हे तिला बस सुरू झाल्यावर लक्षात आलं, आणि तरी ती बसमधून उतरली नाही. खिडकीतून गोदामं मागे गेली, सिमेंटच्या पाइपांचे ढीग गेले, मग तारेचं कुंपण आणि त्यामागचं सपाट, पिवळं पडलेलं गवत. इतकी वर्षं ह्या गवताजवळ आलं की ती आपोआप लहान व्हायची, सगळ्यांना बरी वाटेल अशी. सगळ्यांच्या विनोदांना हसायची. मिस्त्रीच्या वाक्यालासुद्धा हसली होती. आणि नवल असं की, त्या अख्ख्या शेडमध्ये तिला खरोखर ‘चालक’ समजून बोललेली माणसं दोनच. एक म्हणाला लिहा, दुसऱ्याने त्रिकोण काढून दिले. दोघांचंही तिने ऐकून घेतलं होतं आणि चहा पिऊन निघून आली होती.

क्लबाच्या खोलीत सेक्रेटरी एकटाच होता, फायली मांडून. भिंतीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी फाटकी पिशवी कुणीतरी दुरुस्तीला काढून टांगली होती. “या वहिनी, या. आणि पिल्लूपण आलंय वाटतं. द्या कागद. तुमचीच वाट बघत होतो.”

तिने ढमीला टेबलावर बसवलं, एका हाताने कमरेला धरून. “जुन्या वह्या कपाटात आहेत ना? चौकशीवाल्यांनी चालू वही नेली. तिच्या आधीची द्या.”

“आता जुनी कशाला?”

“सभासदाला बघता येते. नियम आहे.”

त्याने कपाट उघडलं. लाल पुठ्ठा, दोरीचा तुकडा अजून लटकलेला. तिने पानं उलटली. सापडल्या. बारा. तिची सही तेव्हा किती ऐटदार होती, शेवटच्या अक्षराला पंखासारखी शेपटी. दोष नाही. दोष नाही. दोष नाही. ती एकेका पानाचा फोटो घेत गेली.

“त्यात काही लिहू नका हं वहिनी,” सेक्रेटरी म्हणाला. त्याचा आवाज किंचित वर गेला होता. “मागच्या तारखेचं लिहिणं गुन्हा आहे.”

“माहीत आहे. म्हणून आजच्या तारखेला लिहिणार आहे. आणि तुमच्या कागदावर.”

तिने घडी उलगडली. आपल्या नावासमोरची रेघ आडवी खोडली आणि खाली, आठ सह्यांच्या खाली उरलेल्या कोऱ्या जागेत, लिहायला लागली. अमुक तारखेला धावताना सीट दोन वीत मागे गेली. मी मिस्त्रींना तोंडी सांगितलं. त्यांनी वहीत लिहायला सांगितलं. मी लिहिलं नाही. त्यानंतर सोबतची पाचर सीटमागे लावून मी बारा उड्डाणं केली आणि बाराही वेळा ‘दोष नाही’ म्हणून सही केली. त्या काळात मी गरोदर होते आणि ते कळवलेलं नव्हतं. ढमीने पेनाला हात घातला, ‘नव्हतं’वरचा अनुस्वार मोठा गोळा झाला. तो तिने तसाच ठेवला.

सेक्रेटरी उलट्या बाजूने वाचत होता. “अहो, ह्यावर आठ जणांच्या सह्या आहेत. ओरिजिनल आहे ते.”

“तेच तर. आता नवा कागद करायचा तर आठांना पुन्हा बोलवा. आणि करताना विचारा, मिस्त्रीला चहावर कोणी काय काय सांगितलं होतं.”

“क्लब बंद पडेल, कळतंय का तुम्हाला? चौदा माणसांची हौस. एका म्हाताऱ्यापायी.” मग तो मऊ झाला, आणि ते जास्त वाईट होतं. “हे बघा, मी तुमच्या भल्याचं सांगतो. तुमच्या डॉक्टरच्या फायलीत आहे, तुम्हाला भीतीच्या गोळ्या चालू होत्या. ते काढतील. म्हणतील, बाई घाबरट आहे, हिला काहीही वाटतं.”

“गोळ्या पोरीनंतरच्या,” ती म्हणाली. “सीट पोरीआधीची. तारखा बघा की, तुमच्यासमोरच आहेत. आणि घाबरट तर आहेच मी. घाबरट होते म्हणून पाचर आणली. मास्तर बिचारे घाबरट नव्हते.”

तिने पाचर पर्समधून काढून टेबलावर ठेवली. काळी, एका बाजूने चेपलेली. त्या चेपलेल्या बाजूवर रुळाची खूण होती, दोन समांतर चरे, नख ओढल्यासारखे. सेक्रेटरी पाचरीकडे बघत राहिला. त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला.

“हिला हात लावू नका,” ती म्हणाली. “ही आणि हा कागद, दोन्ही मी स्वतः नेऊन देणार आहे. आणि एक. मी तुमची वहिनी नाही. माझ्या लायसन्सवर नाव आहे. अजून दोन-तीन दिवस तरी आहे.”

चौकशीच्या ऑफिसात एका अधिकारीबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, कागदाची आणि पाचरीची पोच दिली, आणि निरोप द्यावा इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की सुनावणी पुढे ढकलली जाईल, तिचं लायसन्स आजपासून स्थगित, पुढचं पुढे. “आणि आता तुम्ही साक्षीदार. निकाल लागेपर्यंत मास्तरांना भेटायचं नाही, फोन नाही, निरोप नाही. नाहीतर म्हणतील, दोघांनी ठरवून सांगितलं.” नियम होता. ह्या वेळी तिने तो पाळायचं ठरवलं, आणि तोच सगळ्यात जड निघाला. घरी नवरा लवकर आला होता, भांडला, दोन दिवस नीट बोलला नाही, तिसऱ्या दिवशी गॅलरीच्या दाराला नवा अडसर लावून दिला. क्लबातून फोन बंद झाले. एकाचा आला, नाव न सांगता म्हणाला, माझीपण एकदा गेली होती मागे, आणि ठेवून दिला. ती रिकाम्या फोनवर म्हणाली, वहीत लिहा. लायसन्स तिने त्याच्या प्लॅस्टिकच्या पाकिटासकट परत केलं. वर विमानाचा आवाज आला की ती अजून मान वर करते, आणि ढमीपण करते, आणि दोघी ते नाहीसं होईपर्यंत बघतात. शिकेन पुन्हा. परीक्षा पुन्हा देईन, पहिल्यापासून, त्रिकोण काढत. हे ती कुणाला विचारून ठरवत नाही.

राहता राहिले मास्तर. आता त्यांच्याकडे कोण जातं, तिला कळायला मार्ग नाही. बसमधून त्यांची खिडकी दिसते. परवा बंद होती, कालही. निकालाला किती आठवडे लागतील ते कुणी सांगत नाही, आणि तोवर त्यांना वाटतच राहणार, की आपल्यालाच तसं वाटलं असेल. तिला जाता येत नाही. तुम्हाला येईल. तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं हिरवं दार. बेल वाजत नाही, दारावर थाप मारा आणि थांबा. घोट्यामुळे त्यांना वेळ लागतो. तिचं नाव काढू नका. खुर्ची भिंतीला टेकलेली आहे का, खिडकी उघडता येते का, दूध आणलेलं आहे का, एवढं बघा. मग समोर बसा आणि त्यांना विचारा, सीट मागे गेली होती का. ते सांगतील ते शेवटपर्यंत ऐका. चहा गार झाला तरी चालेल.